गढी कोणती आणि वाडा कोणता?

आपण गढीवर जातो आणि वाड्यात जातो. जुन्या गावात एवढा फरक बोलण्यातच असतो, कारण गढी उंचवट्यावर बांधलेली असते आणि वाडा गल्लीत, इतर घरांच्या ओळीत. तरीही ढासळलेला बुरूज दिसला की कुणी 'देशमुखांचा वाडा' म्हणतं, कुणी 'देशमुखांची गढी'. पुष्कळदा दोघांचंही बरोबर असतं. गढीच्या आत मालकाचा वाडा असतोच. मात्र प्रत्येक वाड्याभोवती गढी नसते.

गढी बांधली गेली ती धाडीच्या धास्तीने. म्हणून चारी कोपऱ्यांना बुरूज, सहसा एकच मोठा दरवाजा, त्यात वाकून जायची दिंडी, आणि बाहेरच्या तटाला खिडक्या नाहीत, फक्त बंदुकीची नळी बाहेर काढण्यापुरत्या जंग्या. काही दिवस दार लावून राहायची वेळ आली तर सगळं आतच हवं. त्यामुळे विहीर, धान्याची पेवं, घोड्यांची पागा, गुरांचा गोठा हे सारं तटाच्या आत.

गढीचं खरं वैशिष्ट्य मात्र तिची माती. खाली काही हात दगडाचं बांधकाम, आणि वर पांढऱ्या चिकण मातीच्या जाडजूड भिंती. गावाची वस्ती ती पांढर आणि शेत ते काळी, असं आपण म्हणतो. ही पांढरी माती म्हणजे पिढ्यानपिढ्या माणसं राहून, घरं पडून, त्यावर पुन्हा घरं उठून साचलेली माती. नीट दाबली की ती घट्ट बसते, पाणी सहजी झिरपू देत नाही. म्हणून तीच माळवदावरही, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावरही, पसरतात. एक मात्र आहे: भिंतीच्या माथ्यावर आच्छादन हवं. ते गेलं की दरवर्षीचा पाऊस भिंत वरून खात जातो. बुरूज पायथ्याशी शाबूत आणि वर वितळल्यासारखे गोल झालेले दिसतात ते यामुळे.

वाड्याचा जीव चौकात. देवडीतून आत आलं की मोकळा चौक, त्याच्या चारी बाजूंना सोपे, म्हणजे चौकाकडे उघड्या ओसऱ्या, म्हणून चौसोपी वाडा. दर्शनी भागात सदर, आत माजघर आणि देवघर, मागे परसदार. वाडा किती मोठा हे चौकांवरून सांगतात आणि खोली किती मोठी हे खणांवरून. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. भार लाकडी खांब आणि तुळयांवर, भिंती बऱ्याचदा त्यांच्यामधे भरलेल्या. पागा आणि गोठा इथेही असतात, पण बाहेरच्या किंवा मागच्या चौकाला, घरातल्या वावरापासून वेगळे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा कृष्णेकाठी आहे. एकामागून एक चौक ओलांडत जायचं आणि मागे उतरलं की थेट नदीचा घाट. पाण्याकडे असं मोकळेपणाने उघडणारं घर गढीवाल्याने बांधलं नसतं. पुण्यातल्या विश्रामबागवाड्याचा कोरीव लाकडी सज्जाही रस्त्याकडेच तोंड करून आहे.

सगळ्यात मोठा घोटाळा शनिवारवाड्याने केला आहे. नाव वाडा, आणि समोर उभे तट, नऊ बुरूज, खिळे ठोकलेला दिल्ली दरवाजा. मुळात पहिल्या बाजीरावांनी 1730 साली पायाभरणी करून 1732 पर्यंत उभारलं ते राहतं घर. भोवतीचा कोट पुरा झाला नानासाहेबांच्या काळात. 1828 च्या आगीत आतलं लाकडाचं सगळं जळालं. उरली जोती (घराचे दगडी चौथरे), हौद आणि कारंजी. म्हणजे आज ज्याला आपण शनिवारवाडा म्हणून ओळखतो, फोटो काढतो, तो प्रामुख्याने त्याचा कोट आहे. वाडा कधीच गेला. तिथे उभं राहून मला दर वेळी त्या रिकाम्या जोत्यांकडेच बघावंसं वाटतं, कारण चौकांचा आराखडा अजून तिथेच वाचता येतो.

तिसरा एक प्रकार या दोन्हींत मिसळला जातो. पारनेर तालुक्यातल्या पळशीला तटबंदी आहे, पण ती अख्ख्या गावाभोवती. पळशीकरांचा सागवानी कोरीवकामाचा वाडा त्या तटाच्या आत, गावातल्या घरांबरोबर उभा आहे. त्याला गढी म्हणणं चूक. तो गावाचा कोट आणि त्यातला वाडा.

दोन्ही नष्ट होतात, पण वेगवेगळ्या कारणांनी. वाडा वाटण्यांत जातो: एका चौकाचे चार हिस्से, मधे विटांच्या भिंती, मग एक दिवस बिल्डर. गढीचं तसं नाही. ती मालकाने सोडली की गाव तिच्यातून पांढरी माती नेऊ लागतं, कुणी माळवदासाठी, कुणी शेतात टाकायला. ट्रॉल्या भरभरून माती जाते. आणि अनेक गढ्या जुन्या पांढरीच्या टेकाडावरच उभ्या असल्याने मातीबरोबर खापरं, मणी, कधी सातवाहन काळापर्यंत मागे जाणारे वस्तीचे थरही शेतात पसरतात. एकदा नांगर फिरला की कोणतं खापर कोणत्या थरातलं हे कुणालाच सांगता येत नाही.