चित्रपट्टी (दैनंदिन कामांसाठी)

आंघोळ, दात घासणे, कपडे घालणे, चहा करणे अशा रोजच्या कामाचे लहान टप्पे पाडून प्रत्येकाचे छायाचित्र, रेखाचित्र किंवा प्रत्यक्ष वस्तू क्रमाने लावलेली पट्टी. दिवसभराचा क्रम सांगते ते चित्रवेळापत्रक. चित्रपट्टी एकाच कामाच्या आतला क्रम दाखवते. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा डाउन सिंड्रोम असलेली मुले व प्रौढ, तसेच स्मृतिभ्रंश झालेल्या व मेंदूला इजा झालेल्या व्यक्ती तिचा उपयोग करतात.

बोललेला शब्द विरून जातो, चित्र जागेवर राहते. ‘आता साबण लाव’ असे आई रोज म्हणत राहिली, की मुलगा साबणाकडे न बघता तिच्या आवाजाची वाट बघू लागतो. पट्टीचे मुख्य काम हा आवाज बाजूला करणे हे आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉपलर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘टीच’ कार्यक्रमाने (१९७२ पासून राज्यव्यापी) दृश्य रचनेवर आधारलेले शिक्षण स्वमग्न मुलांसाठी रूढ केले. वस्तू मागण्यासाठी चित्र हातात देण्याची ‘पेक्स’ पद्धत निराळी. दोहोंची गल्लत नेहमी होते.

टप्पे पाडण्याला विशेष शिक्षक ‘टास्क अ‍ॅनालिसिस’ म्हणतात. मोठ्या माणसाने ते काम स्वतः करायचे आणि हाताची प्रत्येक हालचाल लिहायची. पेस्टचे झाकण उघडणे, नळ बंद करणे हे टप्पे हमखास सुटतात, कारण आपल्या हातांना ते पाठ झालेले असतात. टप्पे किती, याला नियम नाही. एकाला पाच पुरतात, दुसऱ्याला वीस लागतात.

इंटरनेटवरून उतरवलेल्या आंघोळीच्या पट्टीत शॉवर किंवा टब असतो, घरात बादली-मग. अशी पट्टी भिंतीवर शोभेपुरतीच उरते. त्याच घरातल्या बादलीचे, त्याच साबणाचे छायाचित्र बरे. विसणाची अडचण मात्र छायाचित्राने सुटत नाही, कारण चित्रात पाण्याची ऊब दिसत नाही. बादलीला आतून दोन खुणा केल्या तर मार्ग निघतो : निळ्या खुणेपर्यंत गार पाणी, मग लाल खुणेपर्यंत गरम. गार आधी, म्हणजे भाजण्याची भीती कमी. गीझरचे तापमान मोठ्यांनी आधीच बेताचे ठेवायचे. ‘पुरे झाले’ हेही दिसावे लागते. नाहीतर पाणी ओतणे थांबतच नाही. सहा मगांची चित्रे काढली, की सहावा मग शेवटचा.

शिकवताना मागे उभे राहून न बोलता चित्राकडे बोट दाखवतात, आणि तेही हळूहळू कमी करतात. पुष्कळदा शेवटचा टप्पा आधी शिकवला जातो : बाकीचे सगळे मोठ्या माणसाने करायचे, टॉवेल दांडीवर टाकण्याचे तेवढे मुलाकडे. काम पुरे केल्याचे समाधान त्याला पहिल्याच दिवशी मिळते. चित्रे लॅमिनेट करून मागे वेल्क्रो लावलेली असतात. टप्पा झाला, की चित्र काढून ‘झाले’च्या खिशात टाकायचे.

पंचविशीतल्या माणसाच्या न्हाणीघरात बदकांची कार्टूने लावणे हा त्याचा पाणउतारा आहे. वाचता येणाऱ्याला ठळक अक्षरांतली यादी पुरते. पाळीच्या दिवसांत पॅड बदलण्याची पट्टी दाराच्या आतल्या बाजूला लावतात, पाहुण्यांच्या नजरेला पडणार नाही अशी.