पुणे विमानतळ ते सातारा: चालण्यास त्रास असणाऱ्या प्रवाशांसाठी गाडीची निवड

ज्यांच्या घरातील एखादी व्यक्ती गुडघेदुखी, पक्षाघात, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा वार्धक्य यांमुळे सहज चालू शकत नाही, अशा कुटुंबांसाठी आम्ही हे माहितीपत्रक काढले आहे. लोहगाव विमानतळ ते सातारा हे अंतर साधारण सव्वाशे किलोमीटर असून प्रवासास तीन तास धरावे लागतात, आणि पुण्यातील गर्दी किंवा खंबाटकी घाटातील कोंडी आडवी आल्यास त्याहूनही अधिक. गाडी ठरवताना बहुतेक ग्राहक "मोठी गाडी पाठवा" असे सांगतात. त्यामागची काळजी आम्हांस समजते. परंतु मोठी गाडी ही बहुधा उंच गाडी असते, आणि ज्यांना पायरी चढवत नाही त्यांना तीच सर्वांत गैरसोयीची ठरते.

गाडीचा निर्णय खरे तर विमानाचे तिकीट काढतानाच अर्धा झालेला असतो. चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवताना विमान कंपन्या प्रवाशांचे तीन प्रकार करतात. ज्यांना जिना चढता-उतरता येतो पण लांब चालवत नाही, त्यांची नोंद डब्ल्यूसीएचआर अशी होते. ज्यांना जिना चढवत नाही पण विमानात आपल्या आसनापर्यंत जाता येते, त्यांची डब्ल्यूसीएचएस. आणि ज्यांना आसनापर्यंतही उचलून किंवा अरुंद खुर्चीतून न्यावे लागते, त्यांची डब्ल्यूसीएचसी. केवळ "व्हीलचेअर हवी" एवढेच सांगितल्यास पुष्कळदा पहिल्या प्रकारात नोंद होते, आणि विमानातून शिडीने उतरण्याची वेळ आली की अडचण उभी राहते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार ही मागणी निघण्यापूर्वी किमान ४८ तास कळवणे अपेक्षित आहे. आपल्या प्रवाशाची नोंद यांपैकी कोणती आहे, हे आम्हांला सांगितल्यास आमचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

पहिल्या प्रकारातील प्रवाशास कोणतीही गाडी चालते. एवढेच नव्हे, सोबत धडधाकट माणूस असेल आणि सामान बेताचे असेल, तर विमानतळावरून टॅक्सीने स्वारगेटला येऊन साताऱ्याची विनाथांबा एसटी घेणे हाही उत्तम मार्ग आहे. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. आमचा व्यवसाय गाड्या भाड्याने देण्याचा असला तरी हे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. मात्र एसटीची पहिली पायरी उंच असते, हे ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारासाठी पाहायची गोष्ट एकच, ती म्हणजे आसनाची जमिनीपासूनची उंची. माणूस पाय जमिनीवर टेकवून मागे बसू शकेल, इतक्याच उंचीवर आसन हवे. डिझायरसारख्या गाडीत खाली वाकून बसावे लागते आणि उतरताना गुडघ्यांवर सगळा भार येतो. इनोव्हात वर चढावे लागते. वॅगन आर किंवा अर्टिगा यांची उंची बहुतेकांना मानवते, छतही डोक्याला लागत नाही. गुडघा किंवा खुबा बदलल्यास पाय पुरता दुमडत नाही, म्हणून अशा प्रवाशाने मागे सरकवता येणारे पुढचे डावे आसन घ्यावे. शस्त्रक्रिया अलीकडची असल्यास सलग तीन तास बसण्याविषयी डॉक्टरांना आधी विचारावे.

स्वतःची घडीची खुर्ची बरोबर आणणार असाल, तर आणखी एक प्रश्न न विसरता विचारावा, मग गाडी आमच्याकडून घ्या वा अन्य कोणाकडून: "डिकीत सीएनजीची टाकी आहे का?" भाड्याच्या लहान गाड्यांपैकी पुष्कळ सीएनजीवर चालतात, टाकी डिकीतील जागा खाते, आणि घडी घातलेली खुर्ची व दोन बॅगा एकत्र मावत नाहीत. अर्टिगाची शेवटची रांग पाडल्यास हा प्रश्न सुटतो. पण मग घरातील सहा जणांना विमानतळावर आणायला जाण्याचा मोह आवरावा लागेल.

पक्षाघाताच्या रुग्णास गाडीत बसवताना धडधाकट बाजू गाडीकडे असावी. डावी बाजू दुबळी असल्यास खुर्ची गाडीच्या डाव्या अंगाला, गाडीचे तोंड ज्या दिशेला असेल त्याच दिशेला तोंड करून लावावी, म्हणजे प्रवासी उजव्या हातापायाचा आधार घेत पुढच्या आसनावर सरकतो. उजवी बाजू दुबळी असल्यास चालकामागचे दार बरे पडते. ते रहदारीच्या बाजूला उघडत असल्याने गाडी कडेला न थांबवता वाहनतळात घ्यावी लागते. आधी बसवावे, डोके सांभाळावे, मग पाय एकेक करून आत घ्यावेत. दुबळ्या बाजूच्या काखेत हात घालून ओढू नये, खांद्याला इजा होते. आमचे चालक दार, सामान आणि खुर्ची सांभाळतात. माणसास एकट्याने उचलत नाहीत, कारण त्यांना तसे प्रशिक्षण नाही. तिसऱ्या प्रकारातील प्रवाशासोबत म्हणून घरचे दोन जण असावेत.

चाकाच्या खुर्चीतील प्रवाशांना विमानातून बहुधा सर्वांत शेवटी उतरवतात. त्यामुळे विमान उतरल्यापासून बाहेर येईपर्यंत तासभर सहज जातो, आणि आम्ही तेवढा वेळ गृहीत धरूनच गाडी पाठवतो. सामान हाती आल्यावर चालकास दूरध्वनी करावा. टर्मिनलच्या दारात गाडी फार वेळ उभी करू देत नाहीत. विमान कंपनीचा मदतनीस खुर्ची गाडीपर्यंत आणतो, आणि प्रवासी आत बसेपर्यंत त्यास थांबण्याची विनंती अवश्य करावी. वाटेत कमोड असलेले आणि पायऱ्या नसलेले स्वच्छतागृह हवे असल्यास गाडी ठरवतानाच सांगावे, म्हणजे थांबा त्याप्रमाणे ठरवता येतो.

साताऱ्यात पोहोचल्यावरची अडचण मात्र आपल्या गावाची खास आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या पेठांत, विशेषतः माची पेठेच्या बाजूस, गल्ल्या उताराच्या आहेत. उतारावर उघडलेले दार आपोआप अंगावर येते आणि ब्रेक न लावलेली खुर्ची घरंगळते. तेव्हा घरासमोर उतार आहे का, दारापर्यंत गाडी येते का, जोत्याला किती पायऱ्या आहेत, हे आगाऊ कळवावे. गल्ली अरुंद असल्यास जवळच्या सपाट जागी उतरवून पुढे खुर्चीने नेणे अधिक सुरक्षित असते.

ज्यांना टेकून तीन तास बसणे शक्य नाही, ज्यांना झोपवूनच आणावे लागेल किंवा प्राणवायू लागतो, अशांसाठी आम्ही गाडी देत नाही. त्यांच्यासाठी रुग्णवाहिकाच घ्यावी, आणि ती विमानतळावर कोणत्या दारी येईल हे विमान कंपनीकडून आदल्या दिवशी विचारून घ्यावे.