पत्र्यातली भेग नेमकी कुठून बोलली?

बांबू वाकवत नेला की मोडण्याआधी तो करकरतो. ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा कार्बन फायबरचं कंपोझिट (राळेत बसवलेल्या कार्बन तंतूंचे थर) हेही करकरतं, पण बहुतांशी १०० ते ३०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि आपले कान २० किलोहर्ट्झलाच थांबतात. भेग सरकताना साठलेला ताण सुटतो आणि त्याची लहर पत्राभर पसरते. ती टिपण्याचं तंत्र म्हणजे अकूस्टिक एमिशन.

पिझो सेन्सर, म्हणजे कंपनाचं विजेच्या संकेतात रूपांतर करणारी चकती, सिलिकॉन ग्रीसच्या पातळ थरावर बसवतात. ग्रीसमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की लहर तिथेच अडते. म्हणून भार देण्याआधी पेन्सिलची कसोटी घ्यायचीच: ०.५ मिमी जाडीचं, २एच कठीणपणाचं शिसं ३ मिमी बाहेर काढायचं, पत्र्यावर तिरकं टेकवून मोडायचं. हे प्रत्येक सेन्सरपासून सारख्या अंतरावर करावं. एखादा सेन्सर इतरांपेक्षा ६ डेसिबलने कमी दाखवत असेल, तर तो काढून, पुसून पुन्हा बसवावा.

खरी गफलत होते ती भेगेची जागा काढताना. लहर प्रत्येक सेन्सरपाशी कधी पोचली, त्या वेळांतल्या फरकावरून आणि लहरीच्या वेगावरून ती जागा काढतात. पातळ पत्र्यात एकाच भेगेतून दोन तऱ्हेच्या लहरी निघतात. पत्र्याला त्याच्याच पातळीत ताणणारी एस-शून्य लहर ॲल्युमिनियममध्ये सेकंदाला सुमारे ५४०० मीटर धावते. पत्रा वरखाली वाकवणारी ए-शून्य मागून येते. ३ मिमी पत्र्यात, १५० किलोहर्ट्झच्या आसपास, साधारण ३००० मीटर वेगाने. शिसं पत्र्याच्या कडेवर मोडलं तर पहिली जोरकस दिसते, सपाट पृष्ठभागावर मोडलं तर दुसरी.

आता ५४० मिमीवरचा सेन्सर घ्या. एस-शून्य तिथे १०० मायक्रोसेकंदांत पोचते, ए-शून्यला १८० लागतात. यंत्र ठरावीक उंबरठ्यापेक्षा जोरकस लहरच नोंदवतं. पहिली लहर क्षीण असेल आणि ४० डेसिबलच्या त्या उंबरठ्याखालीच राहिली, तर घड्याळ दुसरीवर थांबतं. दोन सेन्सरांपैकी एकाचीच अशी फसगत झाली, की ८० मायक्रोसेकंदांच्या चुकीने भेग तब्बल २१६ मिमी सरकलेली दिसते! उंबरठा नुसता खाली आणणं हा उपाय नव्हे. मग बोल्टची घासाघीसही नोंदली जाते. पूर्ण तरंग साठवून पहिली लहर डोळ्यांनी तपासणं जास्त भरवशाचं.

कंपोझिटमध्ये आणखी एक पेच असतो. सगळे तंतू एकाच दिशेला असतील, तर तंतूंच्या रेषेत एस-शून्यचा वेग ९००० मीटरच्या आसपास असतो, आडव्या दिशेला जेमतेम २५००. एकच वेग धरून जागा निघतच नाही. त्यापेक्षा पत्र्यावर ५० मिमीची जाळी आखावी, प्रत्येक छेदबिंदूवर शिसं मोडून वेळेतले फरक नोंदवावेत आणि नंतरची प्रत्येक नोंद त्या नकाशाशी ताडून पाहावी. काम कंटाळवाणं आहे, पण वळणं आणि भोकं असलेल्या भागांवरही ते चालतं.

सेन्सर फक्त वाढणारी इजा ऐकतो. गप्प बसलेली भेग भार दिल्याशिवाय सापडत नाही. जर्मनीच्या योझेफ कायझर यांनी १९५० मध्ये दाखवलं की एकदा ताणलेला धातू पुन्हा ताणला, तर आधीचा भार ओलांडेपर्यंत तो शांत राहतो. इजा झालेलं कंपोझिट मात्र तेवढं थांबत नाही. आधी १०० किलोन्यूटन सोसलेला तुकडा दुसऱ्या खेपेला ८० वरच करकरू लागला, तर गुणोत्तर ०.८ भरतं. तिथेच भार थांबवावा आणि आवाज आला त्या जागी अल्ट्रासाउंड लावून थर सुटलेत का ते पाहावं.