चाहत्यांच्या समूहात साठीच्या बायका का रमतात?

“ह्या वयात काय करून राहिल्या तुम्ही त्या मोबाईलवर?” हा प्रश्न नागपुरातील अनेक घरांत पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांना ऐकावा लागतो, विशेषतः त्या एखाद्या गायकाच्या, अभिनेत्याच्या किंवा क्रिकेटपटूच्या चाहत्यांच्या समूहात मनापासून भाग घेत असतील तर. विचारणाऱ्याने उत्तरही ठरवलेले असते: वेळ जात नाही, घरात बोलायला कुणी नाही, नाहीतर “पाळी गेल्यावर हार्मोन्समुळे होतं असं”. यांपैकी शेवटचे उत्तर मला संतापजनक वाटते, कारण पुरुषाने साठीत क्रिकेटचा नाद जोपासला तर तो रसिक ठरतो आणि बाईने जोपासला तर तिच्या शरीरात बिघाड शोधला जातो. मानसशास्त्राने गेल्या सत्तर वर्षांत याविषयी जे शोधले आहे, ते या तिन्ही उत्तरांपेक्षा कितीतरी वेधक आहे.

आधी हा सहभाग प्रत्यक्षात कसा असतो ते पाहू. त्रिमूर्तीनगरात राहणाऱ्या, माझ्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका लता मंगेशकर यांच्या चाहत्यांच्या समूहात आहेत. रात्रीची झाकपाक झाली, की त्या दिवाणावर वही घेऊन बसतात. वहीत प्रत्येक गाण्यापुढे संगीतकार, गीतकार, वर्ष आणि राग असे रकाने आखलेले आहेत. रागाविषयी शंका असेल तिथे शिसपेन्सिलीने लिहिलेले असते आणि समूहातील जाणकारांनी खात्री दिली, की ते शाईने गिरवले जाते. एका रात्री एका अंतऱ्यातील तीव्र मध्यमावरून (म्हणजे चढ्या ‘म’ या स्वरावरून) त्यांचा अमरावती आणि इंदूर येथील दोघींशी तासभर वाद चालला होता, आणि वाद संपल्यावर इंदूरच्या बाईंच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची चौकशी झाली. याला वेळ घालवणे म्हणता येणार नाही.

कलाकाराशी वाटणाऱ्या जवळिकीचा पहिला पद्धतशीर विचार डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी 1956 साली ‘सायकियाट्री’ या नियतकालिकातील एका लेखात केला. रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरील व्यक्ती श्रोत्याशी समोरासमोर बोलल्यासारखे बोलते, श्रोता तिच्या लकबी ओळखू लागतो आणि हळूहळू एक एकतर्फी नाते जमते. त्याला त्यांनी पॅरासोशल संबंध असे नाव दिले. हे नाते म्हणजे आजार आहे असे त्यांचे म्हणणे नव्हते. माणसाच्या नेहमीच्या सामाजिक जीवनाला ते पूरक असते आणि त्या जीवनाची जागाच ते घेऊ लागले तर काळजीचे कारण उद्भवते, असा त्यांचा विचार होता. मात्र वय या गणितात कसे शिरते, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांच्या कामाकडे वळावे लागते, आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटणारा भाग तोच आहे.

वय वाढते तसा माणसाचा गोतावळा आटतो, हे निरीक्षण जुने आहे. पूर्वी त्याचा अर्थ असा लावला जाई, की वृद्ध माणूस जगातून मन काढून घेतो. कार्स्टेन्सन यांना ते पटले नाही. बार्बरा फ्रेडरिकसन यांच्यासह 1990 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी लोकांना एक साधा प्रश्न विचारला. तुमच्याकडे अर्धा तास मोकळा आहे आणि तो कुणासोबत तरी घालवायचा आहे, तर तुम्ही कुणाला निवडाल? पर्याय तीन होते: जवळच्या कुटुंबातील व्यक्ती, नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाचा लेखक, किंवा नुकतीच ओळख झालेली आणि आपल्याशी बरेच जुळेल असे वाटणारी व्यक्ती. तरुणांची निवड तिन्हींत विखुरलेली होती, तर वयस्कर लोकांनी प्रामुख्याने कुटुंबातील व्यक्ती निवडली.

इथवर काही नवल नाही. पण पुढे तरुणांना सांगण्यात आले, की तुम्ही लवकरच एकटे दूरच्या प्रदेशात राहायला जाणार आहात अशी कल्पना करा, आणि तेही कुटुंबाकडे वळले. नंतरच्या एका प्रयोगात वयस्कर लोकांना अशी कल्पना करायला सांगितली, की डॉक्टरांचा फोन आला आहे आणि नव्या उपचारामुळे तुम्हाला अपेक्षेपेक्षा 20 वर्षे अधिक, तीही बऱ्या प्रकृतीत, मिळणार आहेत. तेव्हा त्यांचा कुटुंबाकडचा ठळक कल नाहीसा झाला. प्रत्यक्षातही असेच दिसले. 1 जुलै 1997 रोजी हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे गेले, म्हणजे तेथील लोकांसाठी एक पर्व संपले. हस्तांतर अगदी तोंडावर आले असताना केलेल्या पाहणीत तेथील तरुणही वृद्धांप्रमाणेच परिचित माणसे निवडत होते, आणि वर्षभराने तरुण व वृद्ध यांच्या निवडींतील फरक परत दिसू लागला. म्हणजे निवड ठरवणारी गोष्ट जन्मतारीख नव्हती, तर पुढे किती काळ उरला आहे याची मनातली जाणीव होती. काळ अमर्याद वाटतो तेव्हा माणूस माहिती, ओळखी आणि संधी गोळा करतो, कारण त्यांचा उपयोग पुढे होणार असतो. काळ मर्यादित वाटू लागला, की आत्ता, याच क्षणी ज्यातून भावनिक अर्थ मिळतो त्याला प्राधान्य मिळते. या सिद्धांताला सामाजिक-भावनिक निवडीचा सिद्धांत म्हणतात.

आता अडचण अशी, की हा सिद्धांत खरा असेल तर साठीच्या बाईने अनोळखी लोकांच्या समूहात जाऊच नये. तिने मोजकी माणसे धरून ठेवावीत आणि बाकीची सोडून द्यावीत. मग ती इंदूरच्या अनोळखी बाईशी तीव्र मध्यमावरून का वाद घालते? माझे उत्तर असे आहे, की चाहत्यांच्या समूहात त्या प्रश्नातील तीन पर्याय एकमेकांत मिसळून जातात. ज्या आवाजाच्या सोबतीने तिने शाळा, लग्न, बाळंतपण आणि नोकरी पार पाडली, तो आवाज तिच्यासाठी ‘नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाचा लेखक’ राहिलेला नसतो. पन्नास वर्षांच्या सहवासाने तो घरातल्या माणसाइतका परिचित झालेला असतो. आठवणींच्या अभ्यासातही असे आढळते, की साधारण 10 ते 30 या वयातील आठवणी उतारवयात प्रमाणाबाहेर अधिक संख्येने आठवतात, आणि त्या काळातील गाणी त्यांना घट्ट चिकटलेली असतात. इंदूरच्या बाई नव्या ओळखीच्या खऱ्या, पण त्यांच्याशी बोलून कोणती भावना पदरात पडणार आहे, हे आधीपासून ठाऊक असते. नव्या ओळखीत जी जोखीम असते, ती सामायिक आवडीने मोठ्या प्रमाणात आधीच वजा केलेली असते.

हे प्रयोग फक्त स्त्रियांवर झालेले नव्हते, म्हणून स्त्रियांचा वेगळा विचार करायला हवा. कॅरोलिन रोझेन्थाल यांनी 1985 साली कॅनडातील कुटुंबांच्या अभ्यासातून दाखवले, की नातेवाइकांना एकत्र बांधून ठेवण्याचे काम, म्हणजे फोन करणे, वाढदिवस लक्षात ठेवणे, बातम्या पोहोचवणे, बहुतांशी स्त्रियांकडे असते. आपल्याकडे यासाठी वेगळ्या पुराव्याची गरज नाही. कुणाच्या घरी अहेर किती द्यायचा आणि कोणाला महालक्ष्म्यांच्या जेवणाला बोलवायचे राहून गेले, हे घरात कुणाला माहीत असते ते सर्वांना ठाऊक आहे. मुले पुण्या-बंगळूरला गेली, की हे कौशल्य राहते आणि काम कमी होते. समूहात ते पुन्हा वापरता येते, आणि तिथे ती कुणाची सासू किंवा वहिनी नसते, हाही मोठा मोकळेपणा आहे. चाहतेपण नवे नाही. आकाशवाणीचे नागपूर केंद्र 1948 सालचे आहे, आणि फर्माईशीची पत्रे पाठवणाऱ्या बायका तेव्हाही होत्या. 2016 नंतर मोबाईलचा डेटा स्वस्त झाला आणि त्या एकमेकींना सापडल्या.

हे सगळे ‘डोपामाइनचे’, म्हणजे मेंदूतील एका रसायनाचे, ‘व्यसन’ आहे, असे सांगणाऱ्या चित्रफिती हल्ली फार फिरतात. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांतून दिसले ते वेगळेच आहे: रसाचा थेंब अनपेक्षितपणे मिळाला, तर डोपामाइनच्या पेशी जोरात प्रतिसाद देतात, पण खुणेनंतर रस मिळतोच हे कळले, की प्रतिसाद खुणेकडे सरकतो आणि ठरल्याप्रमाणे मिळालेल्या रसाला फारशी दाद मिळत नाही. अपेक्षा आणि प्राप्ती यांतील फरक मोजणारी ही यंत्रणा आहे, ‘आनंदाचे रसायन’ नव्हे. एवढ्यावरून माणसाच्या पन्नास वर्षांच्या प्रेमाची कारणमीमांसा करणे हे विज्ञान नाही.

6 फेब्रुवारी 2022 रोजी लता मंगेशकर गेल्या, तेव्हा त्या शिक्षिकाबाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत आणि घरातल्यांना ते अतिशयोक्त वाटले. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मान्यता देत नाही, त्याचे वर्णन शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये केले होते. असा शोक उघडपणे व्यक्त करता येत नाही आणि त्याला सांत्वनही मिळत नाही. समूहात मात्र त्याला मान्यता होती. तिथे कुणी “त्या काय तुमच्या कोण लागत होत्या?” असे विचारले नाही.

एकतर्फी जवळिकीचा गैरफायदा घेणारेही असतात. कलाकाराच्या किंवा त्याच्या सचिवाच्या नावाने खोटे खाते उघडून, खासगी संदेशातून आपुलकी दाखवून पैसे मागण्याचे प्रकार जगभर होतात, आणि सावज बहुधा एकटे गाठले जाते. मुलांनी आईचा मोबाईल काढून घेतला, तर ती नेमकी एकटी पडते. समूहातील जुन्या सदस्यांना कलाकाराची भाषा, त्याच्या कारकिर्दीचे तपशील आणि त्याची अधिकृत खाती तोंडपाठ असतात, त्यामुळे तिने तो संदेश समूहात दाखवला, तर तोतया बऱ्याचदा तिथेच उघडा पडतो.