गिझरचे एलिमेंट बदलण्यापूर्वी: व्होल्ट आणि अँपिअरवरून ओहम व वॅट काढण्याची रीत

पाणी पूर्वीसारखे तापत नाही म्हणून एलिमेंट बदलून घेण्यासाठी जे ग्राहक आमच्याकडे येतात, त्यांपैकी अनेकांचे एलिमेंट तपासल्यावर चांगले निघते. चांगला भाग काढून नवा बसवणे आम्हाला मान्य नाही. त्यामुळे आम्ही कोणता हिशेब करून निर्णय घेतो, तो आपल्यालाही करता यावा यासाठी हे पत्रक आहे.

दोन मापे पुरतात: गिझर चालू असताना त्याला मिळणारा विद्युतदाब, म्हणजे व्होल्ट, आणि त्यातून वाहणारी विद्युतधारा, म्हणजे अँपिअर. व्होल्टला अँपिअरने भागले की रोध ओहममध्ये मिळतो, आणि दोहोंचा गुणाकार केला की शक्ती वॅटमध्ये मिळते. २३० व्होल्ट, २००० वॅट असे लिहिलेला गिझर ८.७ अँपिअर घेतो. २३० भागिले ८.७ म्हणजे त्याचा रोध सुमारे २६.४ ओहम.

आता संध्याकाळी दाब २०० व्होल्टपर्यंत उतरला असे समजा. एलिमेंटमधील नायक्रोमच्या (निकेल-क्रोमियम मिश्रधातूच्या) तारेचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, त्यामुळे धारा ७.६ अँपिअरवर येते आणि शक्ती १५२० वॅट उरते. दाब १३ टक्केच घटला, पण त्याबरोबर धाराही घटल्याने शक्ती २४ टक्क्यांनी कमी झाली. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंश सेल्सिअसवर नेण्यास, टाकीतून निसटणारी उष्णता सोडल्यास, सुमारे ०.७ युनिट वीज लागते; २००० वॅटने हे काम २१ मिनिटांत होते, १५२० वॅटने सुमारे २८ मिनिटे लागतात. एलिमेंट बिघडलेले नसते आणि नवे बसवूनही ही ७ मिनिटे वाचत नाहीत.

दाब नेहमी गिझर चालू ठेवूनच मोजावा, हा आमचा विशेष आग्रह आहे. गिझर बंद असताना सॉकेटवर २२८ व्होल्ट आणि चालू करताच २०५ व्होल्ट दिसत असतील, आणि त्याच वेळी घरातील दुसऱ्या पॉइंटवर दाब तितका उतरत नसेल, तर ते २३ व्होल्ट गिझरच्या वायरिंगमध्ये किंवा सैल जोडणीत खर्च होत आहेत. ७.८ अँपिअरला त्याचे सुमारे १८० वॅट होतात, म्हणजे २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नच्या सात पट उष्णता भिंतीतल्या वायरमध्ये किंवा जोडणीच्या स्क्रूपाशी साठते. प्लगची पिन काळवंडलेली किंवा सॉकेटचे प्लास्टिक पिवळे पडलेले दिसल्यास गिझर त्वरित बंद करावा आणि वायरमनला बोलवावे.

धारा मोजताना क्लॅम्प मीटरच्या, म्हणजे वायरीभोवती जबडा लावून धारा मोजणाऱ्या मीटरच्या, जबड्यात फक्त एकच वायर घ्यावी. फेज आणि न्यूट्रल एकत्र घेतल्यास मीटर शून्य दाखवतो. चालू वीजपुरवठ्यावरील ही दोन्ही मापे जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावीत. गिझरची वीज पूर्ण तोडून, वायरी सोडवून, एलिमेंटच्या दोन टोकांमध्ये मल्टिमीटर लावल्यास २००० वॅटच्या गिझरसाठी २६ ओहमच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. मीटर काहीच आकडा दाखवत नसेल तर एलिमेंटच्या आतली कॉइल, म्हणजे तापणारी तार, तुटली आहे. टोक आणि बाहेरची धातूची नळी यांच्यामध्ये ओहम दिसत असतील तर करंट पाण्यात उतरण्याचा धोका आहे, आणि असे एलिमेंट आम्ही कोणत्याही परिस्थितीत परत बसवून देत नाही.

पाण्याच्या पंपाला मात्र हा हिशेब लावू नये. मोटरमध्ये व्होल्ट भागिले अँपिअर केल्याने वाइंडिंगचा रोध मिळत नाही, आणि वॅट काढताना पॉवर फॅक्टरने, म्हणजे व्होल्ट आणि अँपिअरच्या गुणाकारातला किती भाग प्रत्यक्ष शक्ती आहे हे सांगणाऱ्या आकड्याने, आणखी एकदा गुणावे लागते.

एलिमेंट आणताना गिझर बंद आणि चालू असतानाचे व्होल्ट, तसेच अँपिअर कागदावर लिहून आणावेत; रोध आम्ही आपल्यासमोरच मोजून दाखवू.