सार्वजनिक सोहळ्यांत परवानाधारकांनी छुपे शस्त्र बाळगण्याचे नियम (अमेरिका)

कपड्यांखाली झाकलेले पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगावर ठेवून जत्रा, मिरवणूक, सामना, संगीत महोत्सव किंवा राजकीय अधिवेशन अशा गर्दीच्या ठिकाणी जाण्याची मुभा परवानाधारकाला कोठे आहे आणि कोठे नाही, हे ठरवणारे अमेरिकेतील कायदे व स्थानिक नियम. अमेरिकेत या प्रकाराला ‘कन्सील्ड कॅरी’ म्हणतात. सबंध देशाला लागू होईल असा एकच कायदा या बाबतीत नाही. प्रत्येक राज्याचा नियम निराळा आहे आणि एका राज्याचा परवाना दुसरे राज्य मान्य करीलच असेही नाही.

हे नियम वाचताना एक गोष्ट वारंवार समोर येते. गर्दी किती, दारू विकली जाते का, लहान मुले येतात का, हे प्रश्न सामान्य माणसाला आधी सुचतात. निकाल मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच प्रश्नावर लागतो : सोहळ्याची जमीन कोणाची आहे? खाजगी मालक आपल्या आवारात शस्त्रबंदी करू शकतो. पण जमीन शहराची किंवा राज्याची असेल, तर पुष्कळ राज्यांत शहराचे हात बांधलेले असतात; कारण शस्त्रांविषयी नियम करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाने स्वतःकडे राखून ठेवलेला असतो. मोठ्या जत्रा, महोत्सव आणि मिरवणुका तर सार्वजनिक मैदानांवर, उद्यानांत आणि रस्त्यांवरच भरतात. बहुतेक वाद इथेच उभे राहतात.

परवाना : पूर्वी काही राज्यांत ‘मला शस्त्राची खास गरज आहे’ हे सिद्ध केल्याशिवाय परवाना मिळत नसे. २३ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘न्यूयॉर्क स्टेट रायफल अँड पिस्टल असोसिएशन विरुद्ध ब्रुएन’ या खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी ती अट घटनाबाह्य ठरवली. दुसऱ्या टोकाला, २०२४ अखेर २९ राज्यांत छुपे पिस्तूल बाळगायला परवानाच लागत नव्हता. टेक्सासने १ सप्टेंबर २०२१ पासून ही मोकळीक दिली. तरीही तिथे लोक परवाना काढतात. कारण इतर राज्यांत तो चालतो आणि काही ठिकाणी परवानाधारकाला बिनपरवाना माणसापेक्षा जास्त संरक्षण असते.

टेक्सासची जत्रा : या विषयाचे सगळे कंगोरे एकाच ठिकाणी पाहायचे तर डॅलस शहरातील ‘स्टेट फेअर ऑफ टेक्सास’कडे पाहावे. १८८६ पासूनची ही जत्रा दर वर्षी सप्टेंबरअखेरीपासून २४ दिवस चालते आणि वीस लाखांहून अधिक लोक तिला येतात. ‘बिग टेक्स’ हा ५५ फुटी काउबॉयचा पुतळा, मक्याच्या पिठात बुडवून तळलेले सॉसेज म्हणजे कॉर्नी डॉग, गुरांची प्रदर्शने आणि आवारातल्याच कॉटन बोल मैदानावर होणारा टेक्सास व ओक्लाहोमा विद्यापीठांचा फुटबॉल सामना ही तिची ओळख. फेअर पार्क हे २७७ एकरांचे आवार डॅलस शहराच्या मालकीचे आहे. जत्रा भरवणारी संस्था मात्र खाजगी, ना-नफा आहे आणि तिने ती जागा शहराकडून कराराने घेतलेली आहे.

अनेक वर्षे परवानाधारकांना झाकलेले पिस्तूल घेऊन या जत्रेत जाता येत असे. १४ ऑक्टोबर २०२३ च्या शनिवारी रात्री आवारात गोळीबार झाला, तिघे जखमी झाले आणि लोक जीव मुठीत घेऊन पळाले. ऑगस्ट २०२४ मध्ये संस्थेने जाहीर केले की यापुढे परवाना असो वा नसो, कोणालाही बंदूक आत नेता येणार नाही. सवलत फक्त सेवेतील व निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांना. राज्याचे ॲटर्नी जनरल (सर्वोच्च कायदा अधिकारी) केन पॅक्स्टन यांनी डॅलस शहराला १५ दिवसांची मुदत दिली आणि महिनाअखेरीस शहर व संस्था दोघांवर दावा ठोकला.

त्यांचा आधार होता टेक्सासच्या शासन संहितेचे कलम ४११.२०९. सरकारी मालकीच्या किंवा सरकारने भाड्याने घेतलेल्या जागेतून परवानाधारकाला केवळ शस्त्रामुळे हाकलता येत नाही, असे ते कलम सांगते. परवानाधारकाला मनाई करणारा चुकीचा फलक लावणाऱ्या सरकारी संस्थेला पहिल्या वेळी दिवसाला १,००० ते १,५०० डॉलर आणि नंतर १०,००० ते १०,५०० डॉलर दंड होऊ शकतो. शहराचे म्हणणे असे की बंदी आम्ही घातलेली नाही, ती जत्रेच्या संस्थेने आपल्या अखत्यारीत घातली आहे. गंमत अशी, की सरकारी जागा कराराने घेतलेल्या खाजगी संस्थेला बंदी घालता येते, असे मत २०१६ मध्ये पॅक्स्टन यांच्याच कार्यालयाने दिले होते. वाद पेटल्यावर ते मागे घेण्यात आले. १९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायाधीशांनी बंदीला स्थगिती द्यायला नकार दिला. अपील न्यायालयानेही तेच केले, आणि २६ तारखेला, जत्रेच्या आदल्या दिवशी, टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला. २७ तारखेला जत्रा शस्त्रबंदीसह सुरू झाली.

याच आवारात कॉटन बोलचा नियम आधीपासून वेगळा होता. टेक्सासच्या दंड संहितेनुसार शालेय, महाविद्यालयीन किंवा व्यावसायिक सामना चालू असलेल्या ठिकाणी पिस्तूल नेता येत नाही. म्हणजे बंदीपूर्वी एकच परवानाधारक गुरांच्या गोठ्यात कायदेशीर आणि मैदानाच्या दारात गुन्हेगार ठरत असे. करमणूक उद्यानांतही तिथे मनाई आहे, पण उद्यानाची व्याख्या किमान ७५ एकर आवार आणि वर्षात १२० हून अधिक दिवस खुले अशी असल्याने २४ दिवसांची जत्रा तीत बसत नाही. असा कायदा लाखो लोकांनी तोंडपाठ ठेवावा ही अपेक्षाच अवाजवी आहे. प्रामाणिक परवानाधारकालाही तो गोत्यात आणतो.

फलक : टेक्सासमध्ये खाजगी मालकाला परवानाधारकाचे छुपे शस्त्र अडवायचे असेल, तर दंड संहितेच्या कलम ३०.०६ मधला मजकूर शब्दशः लावावा लागतो. तो इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत हवा, अक्षरे ठसठशीत व किमान एक इंच उंचीची हवीत, पार्श्वभूमीवर उठून दिसणाऱ्या रंगात हवीत, आणि फलक सर्वांना स्पष्ट दिसेल असा हवा. पिस्तुलावर लाल काट मारलेले साधे चित्र परवानाधारकाला रोखायला पुरत नाही. उघडे शस्त्र रोखायचे तर ३०.०७ चा दुसरा फलक, बिनपरवाना शस्त्रासाठी ३०.०५ चा तिसरा. त्यामुळे काही दारांवर मजकुराची भिंतच उभी राहते. फलक ओलांडल्यास साधारणपणे २०० डॉलरपर्यंत दंड. तोंडी सांगूनही बाहेर न पडल्यास गुन्हा बराच गंभीर होतो. सरकारी जागेवर मात्र, कायद्याने आधीच मनाई असलेली ठिकाणे वगळता, हा फलक परवानाधारकाला लागू पडत नाही.

जॉर्जिया राज्यात हाच प्रश्न भाडेपट्ट्याच्या प्रकारावर गेला. तिथल्या २०१४ च्या कायद्याने परवानाधारकांना सार्वजनिक ठिकाणी खूप मोकळीक दिली. विरोधकांनी त्याला ‘गन्स एव्हरीवेअर’ असे नाव ठेवले. अटलांटा बोटॅनिकल गार्डनने शहराकडून ५० वर्षांच्या पट्ट्याने जमीन घेतली होती आणि आत शस्त्रबंदी केली होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले की पट्ट्याने जमिनीत मालकीसारखा हक्क मिळत असेल तर बागेला बंदी घालता येईल, नुसता वापराचा हक्क मिळत असेल तर नाही. बाग तगली, पण चार दिवसांच्या परवानगीवर शहराच्या उद्यानात भरणाऱ्या महोत्सवांपुढे पेच उभा राहिला. ऑगस्ट २०२२ मध्ये पिडमाँट पार्कमधला ‘म्युझिक मिडटाउन’ महोत्सव रद्द झाला. आयोजकांनी ‘आमच्या हाताबाहेरची परिस्थिती’ एवढेच सांगितले. शस्त्रबंदी घालता न येणे हेच कारण असल्याचे वृत्तपत्रांनी दिले.

राजकीय अधिवेशनांभोवती तर दोन वर्तुळे असतात. आतल्या वर्तुळाचा ताबा सीक्रेट सर्व्हिसकडे, म्हणजे राष्ट्राध्यक्ष व बड्या नेत्यांचे संरक्षण करणाऱ्या संघराज्याच्या यंत्रणेकडे असतो आणि तिथे कोणाचाही परवाना चालत नाही. बाहेरच्या वर्तुळात राज्याचा कायदा चालतो. २०१२ मध्ये टॅम्पा येथील रिपब्लिकन अधिवेशनाच्या वेळी शहराने बाहेरच्या भागात पाण्याच्या पिचकाऱ्यांवर बंदी घातली, पण परवानाधारकाच्या खऱ्या पिस्तुलावर शहराला बंदी घालता आली नाही. महापौरांनी राज्यपालांना विनंती केली, ती नाकारली गेली. २०१६ मध्ये क्लीव्हलंडला आणि २०२४ मध्ये मिलवॉकीला हेच झाले : टेनिसचे चेंडू निषिद्ध, बंदूक चालेल. मे २०२२ मध्ये ह्यूस्टनला नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेचे अधिवेशन भरले, तेव्हा माजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या भाषणाच्या सभागृहातही सीक्रेट सर्व्हिसने शस्त्रे येऊ दिली नाहीत.

इलिनॉयने दुसरी वाट धरली. छुप्या शस्त्राला मुभा देणारे ते सर्वांत शेवटचे राज्य. २०१३ चा तिथला कायदा न्यायालयाच्या निकालामुळे करावा लागला. त्यात जमिनीच्या मालकीपेक्षा सोहळ्याकडे पाहिले आहे : स्थानिक प्रशासनाची परवानगी लागणारा कोणताही सार्वजनिक मेळावा शस्त्रमुक्त. मात्र गर्दीतून चालत गेल्याशिवाय ज्याला आपले घर, दुकान किंवा गाडी गाठता येत नाही, त्याला सूट आहे. बंदीच्या ठिकाणी वाहनतळावर गाडीत शस्त्र कुलूपबंद ठेवायचीही सोय आहे. गल्लीत मिरवणूक आली म्हणून घरी परतणारा माणूस गुन्हेगार ठरू नये, इतका बारीक विचार कायदा करणाऱ्यांनी केला, हे नोंदवण्याजोगे आहे.

इतिहास : ब्रुएन निकालाने असा दंडक घातला की शस्त्रांवरचे निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळले पाहिजेत. शाळा, न्यायालये यांसारखी ‘संवेदनशील ठिकाणे’ निकालाने मान्य केली, पण केवळ गर्दी आहे आणि पोलीस आहेत म्हणून न्यूयॉर्क शहराचे सबंध मॅनहॅटन बेट संवेदनशील ठरवता येणार नाही, असे न्या. क्लॅरेन्स टॉमस यांनी लिहिले. न्यूयॉर्कने लगेच नवा कायदा करून १ सप्टेंबर २०२२ पासून टाइम्स स्क्वेअर, क्रीडागारे, नाट्यगृहे येथे मनाई केली आणि तिच्यावर खटले सुरू झाले.

त्यामुळे वकील जुनी दप्तरे चाळू लागले, आणि जत्रा तिथे सुरुवातीपासून सापडते. १३२८ च्या इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनच्या कायद्यात जत्रा आणि बाजारांत सशस्त्र फिरण्याला मनाई आहे; ब्रुएन निकालाने मात्र त्याला फारसे महत्त्व दिले नाही. टेनेसीच्या १८६९ च्या कायद्यात जत्रा, घोड्यांच्या शर्यती आणि सार्वजनिक सभा येतात. खुद्द टेक्सासने १८७० मध्ये चर्च, शाळा, नाचाचे हॉल आणि सामाजिक मेळावे येथे शस्त्रबंदी केली, पुढच्या वर्षी तीत सर्कस, खेळ व सार्वजनिक सभा घातल्या आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. आज ज्या राज्यात जत्रेतली बंदी म्हणजे परंपरेवर घाला असे बोलले जाते, तिथली ही परंपरा आहे.

व्यवहार : गर्दीत परवानाधारक सशस्त्र असावा की नसावा, याला दोन्ही बाजूंनी घटना सांगता येतात. जुलै २०२२ मध्ये इंडियानातील ग्रीनवूडच्या मॉलमध्ये तिघांना मारणाऱ्या हल्लेखोराला एका २२ वर्षांच्या ग्राहकाने आपल्या पिस्तुलाने काही सेकंदांतच टिपले. मॉलचा नियम शस्त्रबंदीचा होता. जून २०२१ मध्ये कोलोराडोतील अरवाडा येथे एका सशस्त्र नागरिकाने पोलिसाच्या मारेकऱ्याला ठार केले आणि त्या नागरिकालाच हल्लेखोर समजून दुसऱ्या पोलिसाने गोळी घातली. लाखोंच्या गर्दीत ही दुसरी शक्यता कैक पटींनी वाढते, असे या लेखकाला वाटते. धावणाऱ्या लोकांमध्ये हातात पिस्तूल घेतलेला माणूस रक्षक की मारेकरी, हे ओळखायला कोणालाच सवड नसते. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटीत फुटबॉल विजयाच्या मिरवणुकीला ८०० हून अधिक पोलीस होते. तरी पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे बाचाबाचीतून गोळीबार झाला, एक महिला ठार झाली आणि वीसहून अधिक जखमी झाले. मिसूरीत परवान्याची अट २०१७ पासून उठली होती, आणि उघड्या रस्त्यावरच्या मिरवणुकीला फाटकही नव्हते.

फाटक नसेल तर बंदी कागदावरच राहते, आणि फाटक असले तरी कुंपण शाबूत लागते. जुलै २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील गिलरॉयच्या लसूण महोत्सवात दारावर मेटल डिटेक्टर होते. हल्लेखोर मागचे कुंपण कापून आत शिरला आणि त्याने तिघांचा जीव घेतला. म्हणून बंदी जाहीर करणाऱ्या आयोजकाने प्रत्येक दारावर तपासणी, कुंपणावर गस्त आणि शस्त्र घेऊन आलेल्याला परत पाठवण्याची ठरलेली पद्धत, इतके तरी केले पाहिजे. ते न करता लावलेला फलक फक्त नियम पाळणाऱ्याला अडवतो, हा परवानाधारकांचा आक्षेप खरा आहे.

भारतीय कायद्याची मांडणी याच्या उलट आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याचे पिस्तूल सार्वजनिक ठिकाणी पूर्ण झाकूनच न्यावे लागते आणि लग्न, जत्रा, मिरवणूक अशा ठिकाणी ते परजले किंवा झाडले तर परवाना जाऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीत शस्त्रबंदीचे आदेश निघतात. ते काढताना जमीन कोणाची, हे पाहिले जात नाही.

अमेरिकेतल्या मराठी मंडळांनाही हे नियम लागू होतात. टेक्सासमध्ये गणेशोत्सव किंवा दिवाळीचा कार्यक्रम शाळेच्या सभागृहात असेल तर शाळेच्या लेखी परवानगीशिवाय तिथे शस्त्र आणता येत नाही. शहराच्या मालकीच्या संमेलनगृहात असेल तर परवानाधारकाला रोखणे अवघड. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला तर संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा काडतुसे बाळगायलाच मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना यासारखे मोजके अपवाद सोडले तर राज्यात कितीही मोकळीक असली तरी तिचा उपयोग नाही. ग्रीन कार्डधारकाला ही आडकाठी नाही. तो राज्याच्या नियमांप्रमाणे परवान्यासाठी अर्ज करू शकतो.