साधा भूतकाळ : ‘पॅकेड’ नव्हे, ‘पॅक्ट’
(आमच्या जळगावच्या स्पोकन इंग्लिश वर्गातील विद्यार्थ्यांसाठी)

घड कापला, गाडी भरली, खोकं चढवलं. मराठीत वस्तू बदलली की क्रियापदाचं शेपूट बदलतं. इंग्रजीत घड असो की गाडी, मी असो की ते चौघे, रूप एकच (फक्त वॉज-वेअर सोडून). त्यामुळे रूप सोपं; घोळ होतो उच्चारात.

बहुतेक क्रियापदांना शेवटी ईडी लागते (नावाने दचकू नका). आधीच शेवटी ई असेल तर नुसता डी. व्यंजनानंतरच्या वायचा आय होतो : ट्राय, ट्राइड. ‘प्ले’मध्ये वायच्या आधी स्वर आहे, म्हणून वाय तसाच. ‘स्टॉप’चा पी मात्र दोनदा लिहायचा.

आता उच्चार. स्पेलिंगमध्ये ई दिसतो म्हणून आपण ‘पॅकेड’, ‘वॉशेड’ म्हणतो. तो ई बहुधा मुका असतो. गळ्यावर बोटं ठेवा आणि मूळ क्रियापदाचा शेवटचा आवाज काढा. अक्षर नाही, आवाज. शिवाय नुसता क् म्हणा. त्यात ‘अ’ मिसळला की गळा थरथरणारच.

गळा थरथरला नाही (प्, क्, फ्, स्, श्, च्) तर शेवटी ट् : पॅक्ट, वॉश्ट. ‘लाफ’चं स्पेलिंग जीएचवर संपतं, पण आवाज फ्, म्हणून लाफ्ट. थरथरला तर ड् : कॉल्ड, आणि ‘वे’ म्हणजे तोलणे, त्याचं वेड. मूळ शब्द ट् किंवा ड् वर संपत असेल तरच ‘इड’ : लोडिड, वेटिड. ट् ला लगेच दुसरा ट् जोडता येत नाही, म्हणून मध्ये इ येते.

दुसरी चूक उलटी : शेवटचा ट् गिळणे. मग ‘आय पॅक इट’ ऐकू येतं आणि कालचं काम रोजचं होतं. तो ट् पुढच्या स्वराला चिकटवा : पॅक-टिट.

सेल-सोल्ड, सेंड-सेंट, गो-वेन्ट यांना नियम नाही. रोज पाच पाठ करा. ‘कट’ बदलतच नाही. ‘रीड’चं स्पेलिंग तेच, उच्चार ‘रेड’.

‘डिड’ आला की मूळ रूप : ‘आय डिडन्ट गो’. भूतकाळ ‘डिड’ने घेतला, ‘वेन्ट’ला पुन्हा द्यायचा नाही.

सरावासाठी रावेरच्या केळीचं वाक्य, रोज दहा वेळा, मोठ्याने : वी कट, वॉश्ट, वेड, पॅक्ट अँड लोडिड द बनानाज.